देशी झाड, उसनी ठेवण

मराठीत ‘बोन्साय’ हा शब्द झाडासाठी कमी आणि ठपका ठेवण्यासाठी जास्त वापरला जातो. परीक्षांनी मुलांचं बोन्साय केलं, संसारानं बाईचं बोन्साय केलं, प्रमाणभाषेनं बोलीचं बोन्साय केलं. वाढ खुंटवायची, छाटत राहायचं आणि वर दिवाणखान्यात शोभेला मांडायचं, हे सगळं आपण त्या एका शब्दात भरून ठेवलं आहे. मी बोन्साय करतो असं पुण्यातल्या नातेवाइकांना सांगितलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: झाडाला त्रास होत नाही का?

त्याचं उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे मूळ मुद्द्याकडे जाता येईल. बोन्सायचं झाड उपाशी ठेवून लहान राखत नाहीत. उपाशी झाड मरतं, आणि मेलेल्या झाडाला वळण लावता येत नाही. त्याला खत लागतं, भरपूर ऊन लागतं, मुळांना हवा लागते. दर काही वर्षांनी कुंडीतून काढून मुळं विंचरायची, जुनी कापायची, नव्या मातीत बसवायचं, हे नीट केलं तर ते झाड रानातल्या भावंडांपेक्षा जास्त जगू शकतं. जपानीत ‘बोन’ म्हणजे पसरट कुंडी आणि ‘साय’ म्हणजे लावणं. मूळ शब्दात खुजेपणा नाहीच, तो आपण घातला. आपल्याकडचा ‘वामनवृक्ष’ हा प्रतिशब्द मला त्याहून बरा वाटतो, कारण वामनाची गोष्ट लहान दिसण्यापाशी संपत नाही. त्यानंतर तीन पावलं येतात. माझी बोन्साय पारखायची कसोटीही तीच आहे. हातभर उंचीच्या झाडाकडे बघताना दोनशे फुटांचं झाड दिसलं पाहिजे, आणि त्या झाडामागचा प्रदेशही दिसला पाहिजे.

कुठला प्रदेश दिसतो, हा या लेखाचा विषय. मी सिॲटलच्या एका उपनगरात राहतो, दिवसभर सर्व्हरचे लॉग वाचतो आणि बाल्कनीत इथल्याच मातीतली सूचिपर्णी झाडं कुंड्यांमधून वाढवतो. अमेरिकेच्या या वायव्य कोपऱ्यात, वॉशिंग्टन आणि ऑरेगन राज्यांत, गेल्या काही दशकांत ‘आपल्या रानातल्या झाडांचं बोन्साय’ हा मोठा विचार झाला आहे. जपानी पाइन आणि जपानी मेपल सोडून घराजवळचं झाड घ्या, म्हणजे कला आपली होईल, असा त्याचा दावा. दावा मला मोहक वाटतो. पण तो पुरा होताना फारसा दिसत नाही, असं माझं म्हणणं आहे.

*

आधी थोडा इतिहास. अमेरिकेत बोन्साय आलं ते मुख्यतः जपानी स्थलांतरितांबरोबर. त्यातलं सर्वांत मोठं नाव जॉन नाका यांचं. १९१४ साली कोलोरॅडोत जन्म, बालपण जपानात, मग परत अमेरिका आणि लॉस एंजेलिस. त्यांनी कॅलिफोर्नियाच्या वाळवंटातले जुनिपर खणून आणले, त्यांची बोन्साय केली, आणि जिथे शिकवायला गेले तिथे लोकांना आपापली झाडं वापरायला सांगितलं. वॉशिंग्टन राज्यात ब्रेमर्टनजवळ डॅन रॉबिन्सन यांनी एका जुन्या कचरा डेपोच्या जागेवर ‘एलँडन गार्डन्स’ उभी केली. जपानी नियमांच्या आखीव त्रिकोणांपेक्षा अमेरिकेतली खरीखुरी म्हातारी झाडं बघा, हा त्यांचा आग्रह, आणि कोरीवकामाला वीजेवर चालणारी हत्यारं वापरणाऱ्या पहिल्या काही जणांपैकी ते एक. पुढच्या पिढीत रायन नील आले. जपानात मासाहिको किमुरा यांच्याकडे सहा वर्षं उमेदवारी करून ते परतले आणि २०१० च्या सुमारास ऑरेगनमध्ये ‘बोन्साय मिराई’ सुरू केलं. पाँडेरोसा पाइन, रॉकी पर्वतातला जुनिपर ही अमेरिकन झाडं त्यांनी जगाच्या नजरेत आणली. २०१५ मध्ये पोर्टलंडच्या कलासंग्रहालयात त्यांच्या पुढाकारानं ‘आर्टिझन्स कप’ हे प्रदर्शन भरलं. बोन्साय बागकामाच्या मंडपातून उचलून चित्रं-शिल्पांच्या घरात नेण्याचा तो प्रयत्न होता.

मराठी वाचकाला या सगळ्याची ओळख पटायला वेळ लागणार नाही. हा देशीवाद आहे. भालचंद्र नेमाड्यांच्या ‘टीकास्वयंवर’वर (१९९०) ज्यांनी कॉलेजच्या कँटीनमध्ये भांडणं केली आहेत, त्यांना हा वाद आतून माहीत आहे. बाहेरून आलेला आकृतिबंध मोठा मानायचा आणि आपल्या जमिनीतलं ते गावठी समजायचं, ही सवय मोडली पाहिजे हे नेमाड्यांचं म्हणणं मला पटतं. पण मग पुढचा प्रश्न येतो. मराठीत लिहिली म्हणून कादंबरी देशी होते का? माणसं, गाव, शिव्या सगळं इथलं, पण गोष्टीची चाल मात्र कुठल्यातरी युरोपीय कादंबरीची, अशी पुस्तकं आपण पुष्कळ वाचली आहेत. झाडाच्या बाबतीत तोच प्रश्न असा: हेमलॉकचं झाड इथलं, मातीतली बुरशी इथली, पण फांद्यांची ठेवण जपानच्या किनाऱ्यावरच्या काळ्या पाइनची असेल, तर त्यात देशी नेमकं काय?

*

ठेवणीच्या आधी नावांकडे बघू, कारण नावांतही हेच झालं आहे.

महाराष्ट्राच्या रानात स्वतःची अशी सूचिपर्णी झाडं नाहीत. ‘सूचिपर्णी’ हा शब्द आपल्याला भूगोलाच्या पुस्तकात भेटतो आणि तिथेच राहतो. लहानपणी मला पाइनच्या सर्वांत जवळचं झाड वाटायचं ते कोकणातल्या किनाऱ्यावरचं सुरू. पण सुरूच्या त्या सुया ही पानं नाहीत, त्या पेरापेरांच्या बारीक हिरव्या काड्या आहेत. सुरू सपुष्प झाड आहे, सूचिपर्णी नाही, आणि मूळचं कोकणातलंही नाही. माहितीतल्या वस्तूवरून नव्या वस्तूला ओळखायचं, असं आपण सगळेच करतो.

युरोपातून इथे आलेल्यांनी तेच केलं. ‘वेस्टर्न रेड सीडर’ हा सीडर नाही. खरा सीडर म्हणजे हिमालयातला आपला देवदार आणि त्याचे भाऊबंद. ‘हेमलॉक’चा सॉक्रेटिसच्या विषाशी काही संबंध नाही. पानं चुरगळल्यावर येणारा वास त्या विषारी झुडपासारखा वाटला म्हणून हे नाव. ‘डग्लस फर’ तर फरही नाही. त्याचं शास्त्रीय नाव ‘स्यूडोत्सुगा’, म्हणजे खोटा त्सुगा. आणि त्सुगा हे हेमलॉकचं जपानी नाव. म्हणजे वॉशिंग्टनचा राज्यवृक्ष जो हेमलॉक, त्याला इंग्रजीत एका युरोपीय विषाचं नाव आहे, लॅटिनमध्ये जपानी नाव आहे, आणि त्याच्या शेजारच्या झाडाला त्याचीच खोटी आवृत्ती म्हटलं आहे. या झाडांना इथल्या किनाऱ्यावरच्या सेलिश लोकांच्या भाषांत स्वतःची नावं आहेत. ती नर्सरीच्या पाट्यांवर मला कधी दिसली नाहीत.

नाव चुकल्यानं झाडाचं काही बिघडत नाही. ठेवण मात्र तार, कात्री आणि वर्षं घालवून झाडावर लिहिली जाते. आणि सूचिपर्णी झाडाचा एक कडक नियम असा की बहुतेक जातींत फांदीवरचं सगळं हिरवं काढून टाकलं तर जुन्या लाकडातून नवा कोंब फुटत नाही, फांदी मरते. वड-पिंपळासारखं ‘तोड, पुन्हा फुटेल’ इथे चालत नाही. माझ्या धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इथे अनडू नाही. म्हणून कशासारखं करायचं हे आधी ठरवावं लागतं, आणि तिथेच उसनवारी शिरते.

*

इथलं रान नेमकं कसं दिसतं?

सिॲटलची ख्याती पावसाची असली तरी तो पाऊस बराचसा झिमझिम असतो, आणि जुलै-ऑगस्ट कोरडे जातात. पश्चिमेला ऑलिंपिक डोंगरांच्या पायथ्याशी होह नदीच्या रानात मात्र वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. या पट्ट्यातला हेमलॉक दुरून ओळखायची सोपी खूण म्हणजे त्याचा शेंडा. तो ताठ नसतो, मान टाकल्यासारखा खाली झुकलेला असतो. त्याच्या सुया एकाच डहाळीवर लहानमोठ्या असतात, त्यामुळे लांबून सगळं झाड मऊ, जरा विस्कटलेलं दिसतं. रेड सीडरच्या फांद्या आधी खाली उतरतात आणि टोकाला वर उचलतात. तो म्हातारा झाला की शेंडा सुकतो आणि बाजूच्या दोन-चार फांद्या शेंड्याची जागा घेतात, समईसारखं दिसायला लागतं. डग्लस फरची साल बुचासारखी जाड, खोल भेगांची. खालचं शंभर-शंभर फूट खोड बिनफांद्यांचं, आणि वादळात मोडलेल्या शेंड्याच्या जागी कोपरात वाकवलेल्या हातासारखी वर वळलेली फांदी.

आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे इथे झाडं झाडांवर उगवतात. पडलेल्या ओंडक्यावर शेवाळ धरतं, त्यात हेमलॉकचं आणि सिटका स्प्रूसचं बी रुजतं, मुळं ओंडक्याला मिठी मारून जमिनीपर्यंत उतरतात. अशा ओंडक्याला इथे दाई म्हणतात. शतकभरानं दाई कुजून जाते, आणि एका रेषेत उभी झाडं मागे राहतात, मुळांच्या कमानींवर, खाली पोकळी. शहराजवळ पडलेले ओंडके कमी, पण तोडलेल्या सीडरचे बुंधे ठिकठिकाणी आहेत. माणसांनी करवतीनं तोडायच्या काळात बुंध्याच्या रुंद घेरावर चढून उभं राहायला फळी खोचायचे, तिच्या खाचा त्या बुंध्यांवर डोळ्यांसारख्या अजून दिसतात. वर हेमलॉक उगवलेला असतो. घरापासून दहा मिनिटांवर चालत गेलं की असे बुंधे भेटतात. घराजवळचं देशी झाड म्हणजे माझ्यासाठी हे.

आता इथल्या नावाजलेल्या देशी बोन्सायकडे बघा. त्यातलं बहुतेक काम या रानाचं नाहीच. ते रॉकी पर्वताच्या उंच, कोरड्या कड्यांवरचं आहे. पीळ पडलेलं खोड, त्यावर हाडासारखं पांढरं मेलेलं लाकूड, एका बाजूनं चढणारी जिवंत सालीची पट्टी, वर मूठभर हिरवं. मेलेली फांदी सोलून ठेवली तर तिला जिन म्हणतात, खोडावर तशी सोललेली पट्टी असेल तर शारी. जुनिपरवर हे दोन्ही खरं असतं, कारण कोरड्या हवेत त्याचं लाकूड शतकभर टिकतं, उन्हानं पांढरं पडतं. पहिल्यांदा असं झाड समोरून पाहिलं की बोलती बंद होते, हे मी मान्य करतो. पण दहावं, विसावं पाहताना कंटाळा येऊ लागतो. प्रत्येक झाड म्हणजे संकटांवर मात केलेला नायक. प्रत्येकाच्या अंगावर जखमा, आणि जखमा नीट उजेडात मांडलेल्या. साध्या, सुखात वाढलेल्या म्हाताऱ्या झाडाला या रंगमंचावर जागा नाही.

हीच भाषा मग ओल्या रानातल्या झाडांवर लादली जाते. हेमलॉकवर चुना-गंधकाचं द्रावण लावून पांढरंशुभ्र केलेला जिन मी प्रदर्शनात पाहिला आहे. हेमलॉकचं मेलेलं लाकूड टिकत नाही. ते तपकिरी होतं, मऊ पडतं, त्यावर शेवाळ आणि भूछत्रं येतात, आणि त्यातच पुढचं झाड रुजतं. इथल्या रानात मरण ओलं असतं. पांढरा जिन लावलेला हेमलॉक म्हणजे सातपुड्यातल्या माणसाच्या तोंडी पुणेरी नाटकातली वाक्यं. व्याकरण चुकलेलं नसतं, पण तो माणूस असं बोलत नाही.

मर्ढेकरांनी सौंदर्याच्या लयीचे संवाद, विरोध आणि समतोल असे तीन नियम सांगितले. त्या मापानं हा पांढरा जिन पास होतो. गडद हिरव्याशी विरोध आहे, खोडाच्या वळणाशी संवाद आहे, डावी-उजवी बाजू तोललेली आहे. म्हणूनच मला वाटतं, बोन्सायची पारख निव्वळ आकृतीवर थांबू शकत नाही. ही अशी कला आहे जिचं माध्यम स्वतः एक जिवंत प्राणी आहे, ज्याला स्वतःची बसण्या-उठण्याची, म्हातारं होण्याची आणि मरण्याची रीत आहे. ती रीत मोडली तर आकृती कितीही देखणी असो, झाडाच्या तोंडी खोटं घातलं जातं.

हे फक्त इथलंच दुखणं नाही. आपल्याकडे वडाची बोन्साय पुष्कळ लोक करतात, आणि त्यातली बरीच पाइनच्या त्रिकोणात बसवलेली असतात: एक शेंडा, खाली रुंद होत जाणारे हिरवे थर. वडाला असा शेंडा नसतो. वड आडवा पसरतो, पारंब्या सोडतो, पारंब्यांची खोडं होतात, आणि काही काळानं मूळ खोड कुठलं हे विचारण्यात अर्थ राहत नाही. वडाचं पाइन करणाऱ्याला वड दिसलेलाच नसतो. त्यानं फक्त पुस्तकातलं चित्र पाहिलेलं असतं.

यावर एक रास्त हरकत येईल. जपानी ठेवण हीसुद्धा आकाशातून पडलेली नाही, ती त्यांच्या किनाऱ्यावरच्या, डोंगरावरच्या, मंदिरांच्या आवारातल्या झाडांवरून आणि चीनहून आलेल्या तबकातल्या झाडांच्या परंपरेवरून घडली. बरोबर. जे आज मार्गी म्हणून सगळ्यांवर लादलं जातं, ते एके काळी कुणाचं तरी देशीच होतं. जपानी गुरूंकडून घ्यायचं असेल तर ठेवण घेऊ नये. त्यांनी ज्या चिकाटीनं आपलं झाड पाहिलं, ती चिकाटी घ्यावी.

*

कुणालाच हे जमलेलं नाही असं नाही. पोर्टलंडचे मायकल हॅगेडॉर्न यांनी डोंगरी हेमलॉकचा एक समूह कुंडीच्या काठाशिवाय, पातळ फळीवर वाढवला आहे. त्यात नायक नाही. बारीक खोडं एकमेकांना चिकटून, थोडी कलून उभी आहेत, बर्फाच्या रेषेजवळ ती अशीच पुंजक्यांनी उभी असतात. तारेचं काम झालंय हे कळत नाही. रॉबिन्सन यांच्या उत्तम झाडांतही मला हे दिसतं. त्यांचं कोरीवकाम कधीकधी अंगावर येतं, पण फांद्यांचे पडणारे, गुंतणारे, मोडून पुन्हा उठणारे आकार जुन्या पाँडेरोसाचेच असतात. तिथे नीटनेटके हिरवे थर रचलेले नाहीत.

आणि एक उदाहरण असं आहे की ज्यानं माझाच सिद्धांत मला तपासायला लावला: नाका यांचं ‘गोशिन’. अकरा जुनिपरांचं हे छोटं रान १९८४ पासून वॉशिंग्टन डी.सी.च्या राष्ट्रीय बोन्साय संग्रहालयात आहे. एकेक झाड एकेका नातवंडासाठी. यातला जुनिपर बागेत लावायचा, ‘फोएमिना’ जातीचा, मूळ आशियातला. अमेरिकेचं देशी झाड त्यात एकही नाही. प्रेरणा जपानमधल्या एका देवळाजवळच्या क्रिप्टोमेरियाच्या रानाची. म्हणजे जातीच्या हिशेबानं हे बोन्साय कुठल्याच बाजूनं देशी नाही. तरी ते खरं वाटतं. खोडांमधली अंतरं बघा. मधली झाडं उजेडासाठी सरळ वर गेलेली, खालच्या फांद्या सावलीत सुकलेल्या, कडेची झाडं बाहेर झुकलेली. दाटीत उभं राहणं म्हणजे काय हे नाका यांना माहीत होतं. ती जाण नसती, तर अकरा अस्सल अमेरिकन झाडं आणूनही रान झालं नसतं.

*

देशी बोन्सायची चर्चा ‘यामादोरी’शिवाय पुरी होत नाही. यामादोरी म्हणजे डोंगरातून खणून आणलेलं झाड. या चळवळीचं बहुतेक भांडवल तेच आहे. खडकाच्या फटीत दोनशे वर्षं बर्फाचं ओझं वाहिलेला जुनिपर कुणीतरी पाठीवर घेऊन खाली आणतो, काही वर्षं जगवतो, मग कलाकार त्याला तारा लावतो. राष्ट्रीय उद्यानांत हे पूर्ण बंद आहे, राष्ट्रीय वनांत परवाना काढून ठरावीक जागी करता येतं. खणणाऱ्याचं कौशल्य खरंच मोठं आहे, मुळांचा जीव कशात आहे हे त्याला कळावं लागतं. पण समीक्षेनं विचारायला हवं की अशा झाडात कर्ता कोण. खोडाचा पीळ बर्फाचा, पांढरं लाकूड उन्हाचं, वय खडकाचं. पाटीवर नाव येतं तारा लावणाऱ्याचं. शोधून आणलेली वस्तू हीही कला असू शकते, यावर माझा आक्षेप नाही. पण मग तिला संकलन म्हणावं, आणि दोनशे वर्षांचं श्रेय दहा वर्षांच्या कामाला देऊ नये.

त्यामुळे मी घराजवळचं घेतो. इथल्या काउंटीचा संवर्धन विभाग दर हिवाळ्यात देशी झाडांची उघड्या मुळांची रोपं विकतो, मुख्यतः ओढ्याकाठी लावण्यासाठी. घर बांधायला साफ होणाऱ्या प्लॉटवर मालकाला विचारलं तर तो बुंध्यावरचे हेमलॉक आनंदानं नेऊ देतो, नाहीतर ते बुलडोझरखालीच जाणार असतात. अशा करंगळीएवढ्या रोपात कसलंच नाट्य नसतं. पण त्यात जे येईल त्याचा हिशेब स्वच्छ असतो. शेंडा मी सरळ तारेत बांधत नाही, त्याला झुकू देतो. दोन हेमलॉकांची मुळं सीडरच्या कुजक्या तुकड्यावरून खाली सोडली आहेत. तुकडा काही वर्षांत जाईल आणि कमान राहील, असा बेत आहे.

इथल्या सीडरवर एक शारी मात्र खरी आहे, आणि ती माणसानंच केलेली. सेलिश आणि इतर किनारी लोक टोपल्या, दोर, कपडे यांसाठी जिवंत सीडरची साल खालून धरून वर ओढतात. वर जाताना निमुळती होत जाणारी लांब पट्टी निघते, झाड जगतं, आणि कडेची साल हळूहळू जखमेकडे सरकत राहते. रानात अशी खूण असलेली जुनी झाडं आजही उभी आहेत. बोन्सायवाले शारी करताना जी निमुळती पट्टी काढायची धडपड करतात, ती इथे शतकानुशतकं गरजेपुरतं घेण्याच्या रीतीतून उमटते आहे. ती माझ्या हेमलॉकवर नक्कल करून लावायचा मला हक्क नाही. पण तिच्याकडे न बघता ‘या प्रदेशाची शैली’ असं कुणी म्हणू लागलं, तर ते मला अर्धवट वाटतं.

*

‘देशी’ या शब्दावर शेवटची परीक्षा सिॲटलच्या दक्षिणेला, फेडरल वे इथल्या ‘पॅसिफिक बोन्साय म्युझियम’मध्ये होते. ही जागाच विचार करायला लावणारी आहे. हा संग्रह १९८९ मध्ये वेअरहाउझर या लाकूड कंपनीनं आपल्या मुख्यालयाच्या आवारात सुरू केला. १९०० साली एका व्यवहारात वॉशिंग्टनमधलं नऊ लाख एकर रान विकत घेऊन ही कंपनी इथे उभी राहिली. मोठी झाडं तोडून झालेल्या पैशातून छोटी झाडं जपली गेली. मला यात निव्वळ ढोंग दिसत नाही, जपली हे चांगलंच झालं. पण फळीच्या खाचा असलेले बुंधे आणि हा संग्रह ही एकाच गोष्टीची दोन टोकं आहेत, हे बघणाऱ्याच्या मनात असायला हवं.

तिथे एक काळा पाइन आहे, जपानी जातीचा. १९४१ च्या पर्ल हार्बर हल्ल्यानंतर, फेब्रुवारी १९४२ च्या आदेशानं पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे १,२०,००० जपानी वंशाच्या लोकांना घरांतून उठवून छावण्यांत कोंडलं. त्यातले बहुतेक अमेरिकन नागरिक होते. अशाच एका छावणीत फुरुझावा नावाच्या माणसानं पत्र्याच्या डब्यात बी पेरलं, त्याचं हे झाड. फेब्रुवारी २०२० मध्ये ते चोरीला गेलं आणि काही दिवसांतच परत आलं.

देशी जातींचा आग्रह धरणाऱ्याच्या यादीत हे झाड बसत नाही. परक्या जातीचं, परक्या ठेवणीचं. पण ते अमेरिकेच्या मातीत, अमेरिकेच्या तारकुंपणाच्या आत, ज्याला ‘तू इथला नाहीस’ असं सरकारनं सांगितलं होतं त्याच्या हातून रुजलं. याच्याहून जास्त या देशाचं झाड कुठलं? देशीवादावर नेहमी घेतला जाणारा आक्षेप इथे मला पहिल्यांदा नीट समजला. ‘देशी’ म्हणजे मूळ कुठलं, असा अर्थ घेतला की तो शब्द दरवानाचं काम करू लागतो. ‘देशी’ म्हणजे इथल्या ऊन-पावसाशी आणि इथे घडलेल्या गोष्टींशी किती प्रामाणिक, असा अर्थ घेतला तर फुरुझावांचा पाइन देशी ठरतो आणि पांढरा जिन लावलेला हेमलॉक परका.

हा अर्थ मला सोयीचा आहे, हे उघड आहे. माझा इथला परवाना तीन-तीन वर्षांचा असतो. हेमलॉकचं खोड मनगटाएवढं होऊन त्यावर वय दिसायला वीस वर्षं सहज लागतात. मला परत जावं लागलं तर मातीसकट झाड भारतात नेता येत नाही. सोबतचे काही जण विचारतात की मग एवढा खटाटोप कशाला. पण बोन्सायमध्ये एका माणसाच्या आयुष्याचा हिशेब फारसा चालतच नाही. हिरोशिमाच्या यामाकी कुटुंबाचा एक पांढरा पाइन १६२५ पासून कुंडीत आहे. ६ ऑगस्ट १९४५ ला स्फोटाच्या केंद्रापासून सुमारे तीन किलोमीटरवर, अंगणाच्या भिंतीआड तो वाचला. १९७६ मध्ये अमेरिकेच्या द्विशताब्दीनिमित्त जपाननं जी झाडं भेट दिली त्यांत तो होता. तो बॉम्बमधून वाचलेला आहे हे अमेरिकेत कळलं २००१ मध्ये, यामाकींचे नातू त्याला भेटायला आले तेव्हा. मधली पंचवीस वर्षं संग्रहालयातली माणसं त्याला दुसऱ्या कुठल्याही झाडासारखं रोजचं पाणी घालत होती.